मदर गेली, पट्टी घास, डब्बा बसला: कॉम्प्युटरच्या पार्टांची देशोदेशीची टोपणनावं

प्रश्न विचारणारा इंदूरचाच मुलगा आहे. सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात रिपेअरिंग शिकायला लागलाय, घरी मराठी, दुकानात इंदुरी हिंदी. त्याचं म्हणणं असं की उस्ताद दिवसभर "डब्बा खोल, पट्टी घिस, इसकी तो मदर गई" असंच बोलतात, क्लासमध्ये पाठ केलेलं एकही नाव तिथे कुणी घेत नाही, तर हे असलं बोलणं फक्त आपल्याकडेच आहे का बाहेरच्या देशांतले कारागीर पण असंच बोलतात, ही नावं पडतात तरी कशी, आणि नवीन माणसानं ती वापरावीत की नाही.

अरे, सगळ्या जगात चालतं हे, आणि काही भाषांत तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. जिथे माणसं स्क्रू ड्रायव्हर घेऊन मशीन उघडतात तिथे कंपनीनं दिलेलं नाव लवकरच मागे पडतं आणि हाताला, कानाला, नाकाला जे जाणवलं ते नाव चालू होतं. मी नव्वदच्या दशकापासून या कामात आहे, आधी असेंब्ली केली, मग बोर्ड रिपेअर, मग डेटा रिकव्हरी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधून डेटा परत काढणं, आणि या शेवटच्या दोन कामांत रशियन आणि चिनी कारागिरांशिवाय पान हलत नाही. रिकव्हरीचं पीसी-३००० नावाचं जे टूल जगभर वापरतात ते रशियातल्या रोस्तोव्ह शहरातल्या एस लॅबचं आहे. बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालतो तो प्रोग्राम) फाइली, बोर्डचे नकाशे, कुठल्या पिनवर किती व्होल्ट यायला पाहिजेत याच्या नोंदी, यातलं पुष्कळ साहित्य रशियन नाहीतर चिनी लोकांनी लिहून ठेवलेलं असतं, आणि आपण ते मशीन ट्रान्सलेशनमधून वाचतो. आणि तिथे मग असली वाक्यं समोर येतात: "आई मेली, दगड जिवंत आहे, लाकडं नवीन टाकली."

पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं ट्रान्सलेशन बिघडलंय, पण ते बरोबर असतं. आई म्हणजे मदरबोर्ड, रशियनमध्ये तिला सरळ 'मात्' नाहीतर 'मामा' म्हणतात. दगड म्हणजे प्रोसेसर, त्यांच्याकडे 'काम्येन'. आणि लाकडं म्हणजे ड्रायव्हर, एखादा पार्ट चालवायला टाकावा लागतो तो छोटा प्रोग्राम! रशियनमध्ये जळणाच्या लाकडांना 'द्रवा' म्हणतात, ड्रायव्हरच्या उच्चाराला तो शब्द जवळ जातो, झालं, अख्ख्या देशानं ड्रायव्हरला लाकडं म्हणायला सुरुवात केली. पेंटियम आला तेव्हा त्याचं झालं 'पेन्', म्हणजे तोडलेल्या झाडाचा जमिनीत उरलेला बुंधा, मग पेंटियम फोर झाला चौथा बुंधा. कीबोर्डला रशियनमध्ये क्लावियातुरा म्हणतात, त्याचं लाडकं रूप झालं क्लावा, आणि क्लावा हे तिकडे बाईचं नाव आहे, क्लावदियाचं छोटं रूप. म्हणजे आपण कीबोर्डला किशोरी म्हणावं तसं. भराभर टाइप करण्याला ते 'क्लावाला तुडवणं' म्हणतात. रॅमला मेंदू म्हणतात. ईमेलला साबण म्हणतात, कारण साबणाला त्यांचा शब्द 'मीला' आणि तो 'मेल'सारखा वाटतो. माझ्या मते या खेळात रशियन लोकांचा हात धरणारं कुणी नाही.

आणि या सगळ्या सामानाला मिळून, म्हणजे हार्डवेअरला, रशियनमध्ये म्हणतात 'झेलेझा', लोखंड. फिनलंडमध्ये पण तसंच, 'राउता', लोखंड. हे वाचून मला खरंच आनंद झाला होता, कारण इंदुरात आजही जुन्या माणसाला हार्डवेअर म्हटलं की सियागंज आठवतं, खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे. सुरुवातीला नातेवाईकांत मी हार्डवेअरचं काम करतो म्हटलं की घराच्या दरवाज्याला कुठली कडी चांगली असं विचारायचे, आणि तसं बघितलं तर ते चुकीचं नव्हतंच, इंग्रजीत पण हा शब्द आधी त्याच सामानाचा, कॉम्प्युटरवाल्यांनी तो नंतर उचलला. मोठ्या मेनफ्रेम मशिनींना इंग्रजीत 'बिग आयर्न' म्हणतात ते त्यातूनच.

हार्ड डिस्कची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण यात एक बंदूक आहे. आयबीएमनं १९७३ साली ३३४० नावाची डिस्क आणली, तिच्या मूळ आराखड्यात तीस-तीस मेगाबाइटचे दोन भाग होते. अमेरिकेत 'थर्टी-थर्टी' म्हटलं की विंचेस्टर कंपनीची रायफल डोळ्यासमोर येते, तर त्या प्रोजेक्टचे प्रमुख केनेथ हॉटन यांनी आतल्या आत नाव ठेवलं विंचेस्टर. अमेरिकेत ते नाव पुढे विरलं, आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत 'विंचेस्टर डिस्क' असा धडा असायचा तोही गेला, पण रशियनमध्ये ते टिकलं, आणि नुसतं टिकलं नाही, त्याचं लहान रूप झालं 'विंत', ज्याचा रशियन अर्थ स्क्रू. म्हणजे आधी डिस्क, मग बंदूक, मग स्क्रू. आज एखादा रशियन कारागीर "स्क्रू दिसत नाही" असं लिहितो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की बायोसमध्ये हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही. रिकव्हरीचं काम करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो पूर्ण पान वाचूनही कोरडाच राहील.

आता नावं पडतात कशी. मी जेवढं बघितलंय त्यात तीन वाटा दिसतात, उच्चारावरून, दिसण्यावरून आणि वागण्यावरून, आणि मला विचारशील तर उच्चारावरून पडलेली नावं सगळ्यात अस्सल, कारण ती त्या एका भाषेतच जन्मू शकतात, उसनी घेता येत नाहीत.

चिनी भाषेत मोडेमला 'माओ' म्हणतात, माओ म्हणजे मांजर. मोडेममधला 'मो' त्यांना मांजरासारखा ऐकू आला. डायल-अप मोडेम जाऊन जमाना झाला पण मांजर काही गेलं नाही, आता घरोघरी फायबरचा जो डबा बसवतात त्याला ते 'ग्वांगमाओ' म्हणतात, प्रकाशाचं मांजर. तुझ्या दुकानात राउटरसाठीचे छोटे चिनी यूपीएस येत असतील तर त्यांच्या खोक्यावर किंवा वर्णनात कधी कधी 'लाइट कॅट' असं छापलेलं दिसेल, गिऱ्हाईक विचारतं हे मांजर काय आहे, तर ते हे. चीनमध्ये त्या शब्दावर आता कुणी हसत पण नाही, इतका तो रुळलाय. जपानीत सर्व्हरला बांगडा म्हणतात, खायचा बांगडा, मासा. सर्व्हरचा जपानी उच्चार होतो 'साबा' आणि बांगड्याला पण 'साबा', म्हणून लिहिताना ते चक्क माशाचं चिन्ह लिहितात. ऑनलाइन गेम खेळणारी पोरं सर्व्हर बंद पडला की "बांगडा पडला" म्हणतात.

आता आपल्याकडे ये. मराठीत असं नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी रॅमचं उदाहरण देतो. आमच्या दुकानात दोन जीबी रॅमवर कुणी विंडोजचं नवीन व्हर्जन चालवत असेल तर आम्ही म्हणतो, "ह्यात राम नाही." आणि पट्टी पूर्ण गेली असेल तर "रॅमने राम म्हटला." हे चिनी माणसाला कितीही समजावलं तरी त्याच्या कानाला लागणार नाही, त्यासाठी मराठीतच जन्माला यावं लागतं, जसं त्यांच्या मांजरासाठी चिनी कान लागतो. ज्या माणसानं हे पहिल्यांदा म्हटलं असेल त्याला मी मनापासून दाद देतो.

पट्टीचं पण ऐक. तुझे उस्ताद रॅमला पट्टी म्हणतात, रशियन कारागीर म्हणतो 'प्लांका', म्हणजे पट्टीच, लाकडाची असते तशी. इंग्रजीत 'स्टिक'. पोलंडमध्ये 'कोश्च', हाड. कुणीही कुणाचं बघून ठेवलेलं नाही, वस्तूच हातात घेतली की तसं सुचतं. आणि "पट्टी घिस" म्हणजे काय ते क्लासमध्ये कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे सांगतो. मशीन चालू केली की लांब लांब बीप मारते आणि स्क्रीन काळी, तर आधी रॅम काढायची, तिच्या खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात त्यांच्यावर हवेतल्या दमटपणानं, धुळीनं, बोटांच्या तेलकटपणानं थर बसतो आणि कॉन्टॅक्ट जातो. साधा पांढरा खोडरबर घ्यायचा, शाईचा खरखरीत नाही, आणि दातांच्या लांबीच्या दिशेनं हलका फिरवायचा, आडवा नाही. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, पॉलिश पेपर मारणारे लोक तो उडवतात आणि सहा महिन्यांनी तीच मशीन परत येते. चुरा ब्रशनं झाडायचा, स्लॉट पण ब्रशनं झाडायचा, आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसेपर्यंत दाबायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर रबरापेक्षा तेच चांगलं. 'घिस' हा एक शब्द एवढं सगळं काम सांगतो, म्हणून मी या बोलण्याला हलकं समजत नाही.

दिसण्यावरून पडलेली नावं पटकन सांगतो कारण ती बघितली की कळतात. कमोडोर ६४, १९८२ सालचा, त्याला जर्मन लोक 'ब्रोटकास्टन' म्हणायचे, पावाचा डबा, आकारच तसा होता. सन कंपनीच्या चपट्या वर्कस्टेशनला पिझ्झा बॉक्स. १९९८ च्या पहिल्या आयमॅकबरोबर जो गोल माऊस आला त्याला अमेरिकेत हॉकीची चकती म्हणत, आणि तो गोल असल्यामुळे हातात घेतल्यावर वरची बाजू कुठली ते कळायचं नाही, म्हणून त्या नावात तक्रार पण होती. आयबीएमच्या पीसी ज्युनियरचा १९८४ सालचा कीबोर्ड, सुट्या सुट्या चौकोनी बटणांचा, त्याला चिकलेट म्हणत, ती च्युइंगगमची गोळी असते ना, ती. ते नाव तेव्हा हेटाळणीचं होतं, आता लॅपटॉपवाले स्वतःच जाहिरातीत चिकलेट कीबोर्ड लिहितात. स्वीडनमध्ये अख्ख्या कॉम्प्युटरला 'बुर्क' म्हणतात, डबा. म्हणजे स्टॉकहोमचा माणूस आणि तुझे उस्ताद एकच शब्द बोलून राहिलेत.

फ्रेंच लोकांनी चिपला पिसू म्हटलं, 'प्यूस', कुत्र्याच्या अंगावरची पिसू, लहान, काळी आणि पायांची. आणि हे टोपणनाव म्हणून राहिलं नाही, तोच अधिकृत शब्द झाला. रोलाँ मोरेनो नावाच्या फ्रेंच माणसानं १९७४ साली चिपच्या कार्डाचं पेटंट घेतलं, आज फ्रान्समध्ये बँकेच्या कागदावर पण त्याला पिसूचं कार्डच लिहितात.

यात मला सगळ्यात जवळचं नाव खेकडा. कुठलाही साधा मदरबोर्ड घे, लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरच्या, सॉकेटजवळ एक छोटा चौकोनी आयसी, म्हणजे चिप, असतो, आणि पुष्कळ बोर्डांवर तो रिअलटेकचा असतो, तैवानची कंपनी, १९८७ सालची. भिंगाखाली धर आणि लाइट तिरपा मार, नंबराच्या शेजारी बारीक खेकडा कोरलेला दिसेल, तो त्यांचा लोगो. जपानी लोक त्या चिपला सरळ 'कानी' म्हणतात, खेकडा, आणि चिनी लोक त्या लॅन कार्डाला खेकडा कार्ड. आमच्याकडे शिकणाऱ्या पोरांना पण मी तेच सांगतो, आधी खेकडा शोध. कारण पावसाळ्यात वीज चमकून लॅनच्या वायरमधून झटका आला की सगळ्यात आधी तोच आयसी मरतो, कधी मधोमध फोड येतो, कधी नुसता हात लावला की चटका बसतो. आयसीचा नंबर पोरगा विसरेल, खेकडा विसरणार नाही.

फ्लॉपीचं एक सांगायचं राहिलं. सव्वापाच इंचाची फ्लॉपी खरंच लवलवती होती म्हणून फ्लॉपी, पण साडेतीन इंचाची आली ती कडक प्लास्टिकची, तरी इंग्रजीनं आणि आपण तिला फ्लॉपीच म्हणत राहिलो. फिनलंडवाल्यांना हे पटलं नाही. त्यांनी मोठीला 'लेर्पू' म्हटलं, म्हणजे लुळी, आणि छोटी कडक आली तिला 'कोर्पू', म्हणजे टोस्ट, चहात बुडवायचा कडक टोस्ट. दक्षिण आफ्रिकेत तिला 'स्टिफी' म्हणायचे, ताठ असलेली. हातात धरून बघितल्याशिवाय असं नाव सुचत नाही.

आता वागण्यावरून पडलेली नावं, आणि ही कारागिराच्या सगळ्यात कामाची, कारण त्यात रोगाचं निदान असतं. झिप ड्राइव्हच्या (फ्लॉपीसारख्याच पण जास्त डेटा मावणाऱ्या डिस्कांचा ड्राइव्ह) जमान्यात इंग्रजीत 'क्लिक ऑफ डेथ' हा शब्द आला, मरणाची टिकटिक, आणि पुढे तो हार्ड डिस्कला पण लागला. होतं असं की डिस्कचं हेड प्लेटवरच्या खुणा वाचायला जातं, वाचता येत नाहीत, आर्म मागे जागेवर येतो, परत जातो, परत येतो, त्याचा तो टक्-टक् आवाज. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही २००० सालची मालिका इतकी मरायला लागली की लोकांनी तिचं नाव डेथस्टार करून टाकलं. आपल्याकडे गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "दादा, हार्ड डिस्क दळण दळतेय." हे ऐकलं की मी वायर लावतच नाही. टिकटिक असेल तर हेड गेलेलं असू शकतं, पण दळल्यासारखा घासता आवाज म्हणजे हेड प्लेटला लागून राहिलंय, आणि प्रत्येक वेळी पॉवर दिली की लग्नाचे फोटो, हिशेब, जे काय असेल ते खरवडून निघतंय. तेव्हा चालू करून बघू जरा, असं करायचं नाही, बंद ठेवायची आणि रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. त्या माणसानं "हार्ड डिस्क खराब आहे" एवढंच म्हटलं असतं तर मला काही कळलं नसतं, 'दळण' म्हटलं म्हणून डेटा वाचायची आशा राहते.

फिरणाऱ्या डिस्कला इंग्रजीत फिरता गंज पण म्हणतात, कारण जुन्या प्लेटांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप असायचा, म्हणजे गंजच तो. आताच्या प्लेटांवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर असतो, पण नाव गंजाचंच चालू आहे.

आणि धूर. इंग्रजी कारागिरांचा एक जुना विनोद आहे की प्रत्येक पार्टात जादूचा धूर भरलेला असतो, त्यावरच तो चालतो, आणि एकदा का धूर बाहेर निघाला की पार्ट चालायचा बंद होतो. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर जगभर पसरले होते, इंग्रजीत त्याला कॅपॅसिटर प्लेग म्हणतात, आमच्याकडे त्या बोर्डांच्या थप्प्या लागायच्या. आम्ही म्हणायचो "पोट फुगलंय". प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले ते गोल डबे, त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, ती मुद्दाम असते, आतला दाब वाढला तर तिथून फाटावं म्हणून. चांगल्याचं डोकं सपाट, बिघडलेल्याचं घुमटासारखं वर आलेलं, आणि फार झालं की खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर. नुसत्या नजरेनं कळतं, मीटर नंतर लावायचा.

गरम होणारं आणि आवाज करणारं मशीन म्हटलं तर सगळ्या भाषा एकदम जाग्या होतात. २००३ साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा कार्ड आलं, त्याचा पंखा इतका घोंघावायचा की लोकांनी त्याला डस्टबस्टर म्हटलं, तो हातातला व्हॅक्यूम क्लीनर असतो तो, आणि कंपनीच्याच लोकांनी नंतर त्यावर विनोदी व्हिडिओ काढला, हे मला त्यांचं आवडलं. इंटेलच्या प्रेस्कॉट पेंटियमला 'प्रेसहॉट'. रशियन लोक अशा मशिनीला शेगडी म्हणतात, आपण भट्टी, आणि पंखा वाजायला लागला की पिठाची गिरणी. चिनी लोकांनी इंटेललाच एक नाव दिलंय, टूथपेस्टचा कारखाना. चिनीत 'टूथपेस्ट पिळणं' हा रोजचा वाक्प्रचार आहे, कुणी एकदम काही न देता थोडं थोडं देत राहिलं की तसं म्हणतात, आणि दरवर्षी नवीन प्रोसेसर यायचा आणि वेग मात्र चिमूटभर वाढायचा, तेव्हा ते नाव असं चिकटलं की चिनी माणूस हार्डवेअरच्या गप्पांत इंटेल न म्हणता नुसतं टूथपेस्ट म्हणतो. स्लो मशीनला स्पॅनिशमध्ये बटाटा म्हणतात, किंवा "पायडलवर चालतंय" म्हणतात. आपलं 'डबडं' आणि 'खटारा' या सगळ्यांत कुठेही कमी नाही.

जड सामानाला जर्मन लोकांनी फार छान शब्द काढला, 'श्लेप्टॉप'. 'श्लेपन' म्हणजे ओझं ओढत नेणं, त्याला लॅपटॉप जोडला. १९८१ चा ऑस्बोर्न वन पोर्टेबल म्हणून विकला जायचा आणि वजन होतं जवळपास ११ किलो, तेव्हा हे नाव का पडलं ते सांगायला नको. मराठीत यासाठी 'लोढणं' आहे, गुरांच्या गळ्यात बांधतात ते, आणि गेमिंग लॅपटॉपचा तो विटेएवढा अडॅप्टर बघितला की माझ्या तोंडून तोच शब्द निघतो. जर्मन लोकांकडे कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला पण नाव आहे, 'आफनग्रिफ', माकडाची पकड, बोटं तशी ताणावी लागतात म्हणून. ती तीन बटणं आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी बसवली, इंग्रजीत तिला तीन बोटांचा सलाम म्हणतात.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतला मूळ प्रोग्राम, टाकताना लाइट गेली आणि राउटर किंवा फोन कायमचा मेला, तर इंग्रजीत ब्रिक, रशियनमध्ये 'किर्पिच', दोन्हीचा अर्थ वीट. जपानीत 'बुन्चिन', म्हणजे कागद उडू नये म्हणून ठेवतात ते वजन. आपल्याकडे पण वीटच म्हणतात, पण मराठीत त्याला जी मजा येते ती इंग्रजीत नाही: राउटरची वीट झाली आणि मालकाला वीट आला.

ॲट द रेटच्या चिन्हाचं थोडक्यात, हे काही हार्डवेअर नाही पण कीबोर्डवर बसलंय म्हणून. इटालियनमध्ये गोगलगाय, पोलिशमध्ये माकड, डॅनिशमध्ये सोंडेचा ए, ग्रीकमध्ये बदकाचं पिल्लू, चेकमध्ये खारवलेल्या माशाची गुंडाळी, हिब्रूत स्ट्रूडेल नावाची गोड गुंडाळी. आपण 'ॲट द रेट' म्हणतो ते व्यापाऱ्यांच्या बिलातून आलं, अमुक किलो, ॲट द रेट अमुक रुपये. पण इंदुरात राहून अजून कुणी याला जलेबी कसं म्हटलं नाही याचं मला खरंच नवल वाटतं.

आता एक भांडण, सीपीयूचं. आपल्या देशात अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात आणि क्लासमधले सर त्यावर चिडतात, कारण सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. सरांचं बरोबर आहे. पण गिऱ्हाइकाला टोकू नको. रशियात पण साधी माणसं डब्याला प्रोसेसर म्हणतात, अमेरिकेत कितीतरी लोक डब्यालाच हार्ड ड्राइव्ह म्हणतात, आणि ज्याला मशीन दुरुस्त करून घ्यायचीय त्याला व्याख्या शिकवत बसणं हे आपलं काम नाही. "सीपीयू आणलाय" म्हटलं की डबा टेबलावर घ्यायचा.

वापरावीत का, तर आपसात जरूर वापर, त्याशिवाय उस्तादांच्या हाताखाली काम उचलता येणार नाही. काउंटरवर मात्र जरा जपून. आमच्याकडच्या एका पोरानं आतून जोरात ओरडून विचारलं होतं, "भिया, वो काकाजी की मदर मर गई क्या, बता दूँ उनको?" आणि काका बाहेर बाकावर बसलेले. ते हसले म्हणून निभावलं. गिऱ्हाइकासमोर 'बोर्ड' म्हण, 'मेमरी' म्हण, आणि त्यांनीच 'दळण', 'भट्टी', 'डबडं' असं काही म्हटलं तर ते त्यांच्याच शब्दांत जॉब कार्डवर तक्रारीच्या खाली लिहून घे, बदलू नको, कारण संध्याकाळी मशीन उघडणाऱ्याला त्याच शब्दातून कळतं कुठे हात घालायचा. निदानाच्या खाली मात्र पूर्ण नाव आणि नंबर पाहिजे: कुठल्या कंपनीची डिस्क, मॉडेल, सीरियल, किती जीबीची रॅम, डीडीआर थ्री का फोर, कुठला आयसी बदलला. तिथे 'खेकडा बदलला' लिहिलंस तर सहा महिन्यांनी वॉरंटीत तीच मशीन आली की नेमका कुठला आयसी लावला होता ते तुलाही सांगता येणार नाही. इंटरव्ह्यूला गेलास तरी हेच धोरण ठेव, आधी पाठ केलेलं नाव घे, आणि समोरच्यानं स्वतःच "पट्टी" म्हटलं की मग तूही मोकळेपणानं पट्टी म्हण.